मरळीच्या गळाला शिसंच ठेवावं की टंगस्टन, पितळ, लोखंड बघावं?

हिडकलकाठ

नमस्कार मंडळी. मी हुक्केरी तालुक्यातला, हिडकल धरणाचं बॅकवॉटर घरापासून लांब नाही त्यामुळं गळाचा नाद लहानपणापासून हाय, आधी बांबूची काठी आणि गांडूळ, आता रॉड-रील. मुख्य म्हणजे मरळ, बाकी शिंगाळा, चिलापी, कधी रोहू-कटला, लागंल ते. मरळीला वरून रबरी बेडूक ओढतोय तोवर वजनाचं कामच नसतंय, पण ऊन चढलं की ती वर येत नाही, मग रबरी गांडूळ गळात ओवून पुढं बुलेटसारखं शिसं लावायचं आणि गवताच्या कडंनं तळाला हळूहळू चालवायचं. प्रश्न तिथला हाय.

माझा चुलतभाऊ अमेरिकेतले बास मासा धरायचे व्हिडिओ सारखे पाठवत असतोय आणि बघावं त्याच्याकडं टंगस्टनची वजनं. ऑनलाइन किंमत बघितली तर टंगस्टनच्या दोन-चार गोळ्यांच्या पैशात शिशाचं मोठं पाकीट येतंय. एवढे पैसे घालून मासा जास्त लागतोय का, का नुसती फॅशन हाय? आमच्या घटप्रभा नदीत खडक लई, वजन अडकून तुटलं की गेलंच, मग महागाचं वजन पाण्यात सोडून यायचं म्हणजे जिवावर येतंय. दुसरीकडं एवढं शिसं दरवर्षी नदीत टाकून येतोय हे पण मनाला लागतंय.

अजून एक. गावातला एकजण म्हणतोय की जुन्या गाडीच्या बॅटरीचं शिसं आणतो, परसात चुलीवर वितळवून साच्यात ओतू, फुकटात वर्षभराचं काम भागंल. मी अजून हो म्हटलं नाही कारण घरात पाच वर्षाची पोरगी हाय आणि ती माझ्या गळाच्या डब्याला सारखी हात लावती. ह्यात खरंच धोका किती हाय ते जाणत्यांनी सांगा की ओ.

उद्यमबाग_टर्नर

दादा, टंगस्टनचं नंतर बघू, आधी लोखंडाचा हिशोब घ्या. मी लेथवर काम करतोय आणि माझ्या गळाला लागणारी सगळी वजनं एमएसच्या (साध्या पोलादाच्या) सळीच्या उरलेल्या तुकड्यातनं काढतोय.

गोल सळीचं वजन काढायचं सूत्र आमच्या लाइनीत सगळ्यांना पाठ असतंय, व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, १६२ नं भागायचं, की एका मीटरचं वजन किलोत आलं. ८ एमएमची सळी म्हणजे ६४ भागिले १६२, साधारण ३९५ ग्रॅम मीटरला. मग १० ग्रॅमचं वजन पाहिजे तर २५ मिलिमीटर कापा, झालं. ६ एमएमच्या सळीत ५ ग्रॅमला साडेबावीस मिलिमीटर लागतंय. मधून २ एमएमचं भोक पाडलं की १० ग्रॅममधलं अर्ध्या ग्रॅमपेक्षा जरा जास्त जातंय, ते भरून काढाय दीड मिलिमीटर जास्त ठेवायचं. पुढचं टोक निमुळतं करून घेतलं की गवतातनं सरळ जातंय.

आता लोक म्हणतात लोखंड हलकं. शिशाची घनता ११.३४, लोखंडाची ७.८५, म्हणजे त्याच वजनाचा लोखंडी तुकडा शिशापेक्षा साधारण ४४ टक्के मोठा दिसणार, हे खरं हाय. पण पाण्यात गेल्यावर काय होतंय ते बघा की. १० ग्रॅम शिसं पाण्यात ९.१ ग्रॅमएवढं भरतंय आणि १० ग्रॅम लोखंड ८.७. फरक अर्ध्या ग्रॅमचा पण नाही. तुम्ही १० च्या जागी साडेदहा ग्रॅमचं लोखंड लावलासा की तळाला तेवढंच दाबून बसतंय. लांबी वाढली की वाहत्या पाण्यात धार जरा जास्त ओढती, तेवढं सोसायचं.

ज्यांच्याकडं लेथ नाही त्यांनी नट वापरा. एम-८ चा नट साधारण ५ ग्रॅम, एम-१० चा ११ च्या आसपास. फक्त चकचकीत जस्त चढवलेले घेऊ नका, साधे काळे घ्या. गंजतात म्हणून लोक नाक मुरडतात, पण गंजून तांबूस झालेला नट तळाच्या दगडात मिसळून जातोय, मला तरी ते बरंच वाटतंय.

पितळेबद्दल एक सांगून ठेवतो कारण सगळे पितळ म्हणजे शिसं नाही असं धरून चालतात. लेथवर चालणाऱ्या फ्री कटिंग पितळेत मुद्दाम २ ते साडेतीन टक्के शिसं घातलेलं असतंय, त्यानं बुरादा मोकळा पडतोय. १०० टक्के शिशापेक्षा कितीतरी चांगलं, पण पोरीच्या हातात द्यायला ते पण नको.

खानापूर_ते_बॉस्टन

मूळ खानापूरचा, बरीच वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये आहे आणि इथं सुट्टीच्या दिवशी बासच धरतो, त्यामुळं त्या व्हिडिओंमागचं कारण सांगतो.

पहिलं कारण कायदा. इथं २०१२ पासून राज्यातल्या सगळ्या गोड्या पाण्यात १ औंसाच्या आतलं, म्हणजे २८.३५ ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं शिसं गळाला लावायला बंदी आहे. त्याचं मूळ आहे लून नावाचा पाणपक्षी. ह्या पक्ष्याला दात नाहीत, खाल्लेलं दळायला तो तळाचे बारीक खडे गिळतो आणि पोटातल्या जाड स्नायूच्या पिशवीत ठेवतो, त्या खड्यांबरोबर शिशाची गोळी गेली की ती घासून घासून आणि आम्लानं विरघळून रक्तात उतरते. गळ तोडून गेलेला मासा खाल्ला तरी तेच. एक गोळी पक्षी मारायला पुरते. ब्रिटनमध्ये राजहंस असेच मरायला लागले म्हणून १ जानेवारी १९८७ पासून ०.०६ ग्रॅम ते २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजनं विकायला बंदी आली, तिथल्या गळवाल्यांनी ती पचवून आता पिढी बदलली.

दुसरं कारण मासेमारीचं, आणि ते खरं आहे, फॅशन नाही. शुद्ध टंगस्टनची घनता १९.२५, गळाच्या वजनात दुसरे धातू थोडे मिसळलेले असतात म्हणून त्यापेक्षा थोडी कमी. १० ग्रॅमचा गोळा केला तर शिशाचा १२ मिलिमीटरचा होतो, लोखंडाचा साडेतेराचा आणि टंगस्टनचा जेमतेम १० चा. लार्जमाउथ बास दाट पाणगवताच्या छपराखाली सावलीला बसतो, तिथं ३०-४० ग्रॅमचं वजन गवत फोडून खाली सोडावं लागतं आणि वजन जितकं बारीक तितकं ते भोकातून सटकन जातं. शिवाय टंगस्टन कडक, त्यामुळं तळाला दगड लागला, चिखल लागला की बुडालेलं लाकूड, ते रॉडच्या मुठीपर्यंत वेगवेगळं कळतं. शिसं मऊ असल्यानं तो ठोका गिळून टाकतं. बास कधी कधी आमिष नुसतं तोंडात धरून उभा राहतो, तेव्हा तो बारीक फरक कामाला येतो.

पण भावा, मरळ म्हणजे बास नाही. मरळ ठोका मारते तेव्हा आंधळ्यालाही कळतं. हवा घ्यायला तिला वर यावंच लागतं, ती वर आली की पाण्यावर बुडबुडा दिसतो आणि त्यावरून जागा कळते, तळाचा नकाशा रॉडवर वाचायची गरज कमी पडते. गवताच्या कडेनं रबरी गांडूळ चालवायला ३ ते ५ ग्रॅम पुरे, आणि एवढ्या लहान वजनात टंगस्टन आणि शिशाच्या आकारात फरक तो कितीसा. लोखंड आरामात चालेल. लोखंडही कडकच, त्यामुळं ठोका शिशापेक्षा चांगला कळतो, हा फायदा लोक विसरतात.

टंगस्टन मी एकाच ठिकाणी सुचवीन, जिथं जलपर्णीनं तळं भरलंय आणि तिच्या खाली आमिष सोडायचंय. तिथं लोखंडाचा जाड तुकडा पानांवरच बसतो. तेवढ्यासाठी दोन-तीन मोठी टंगस्टन वजनं डब्यात असू देत, खडकात ती वापरूच नका. आणि घेताना भोक बघून घ्या, आत प्लॅस्टिकची नळी असलेलं किंवा आतून नीट गुळगुळीत केलेलं घ्या, कडक धातूची कड दोरी कापते. महाग का, तर टंगस्टन वितळतं ३४२२ अंश सेल्सिअसला, साच्यात ओतायचा प्रश्नच नाही, भुकटी दाबून भट्टीत भाजून बनवतात.

कुडचीचा_कृष्णाकाठ

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या जाळ्याचं काम हाय, गळ आम्ही हौसेला टाकतो, पोटाला जाळं. म्हणून माझं जरा वेगळं हाय.

सगळं शिसं सरसकट टाकून द्या म्हणणाऱ्यांना मी इचारतो, फेकायच्या जाळ्याच्या कडंला काय लावायचं? लोखंडी साखळी लावून बघितलीया लोकांनी, दोन पावसाळ्यात गंजती आणि गंज सुताला खातोय, कडंपासनं जाळं फाटाय लागतंय. जाळ्याचं शिसं माझ्याबरोबर घरी येतंय, ते पाण्यात ऱ्हात न्हाई. गळाच्या वजनाचं तसं न्हाई, ते तुटतंय, पाण्यातच ऱ्हातंय. तेव्हा जे तुटणार ते शिशाचं नको, हे मला पटतंय, आणि जे परत येतंय त्याचा हिशोब वेगळा करा.

खडकाळ जागंला तर आम्ही वजन इकत घेतच न्हाई. काठावरचा चपटा दगड बघायचा, मधी जरा खाच असलेला, आणि शिलाईच्या कच्च्या दोऱ्यानं मुख्य तंगुसाला, म्हंजे गळाच्या नायलॉन दोरीला, बांधायचा. दगड अडकला की हिसका द्यायचा, कच्चा दोरा तुटतोय, दगड नदीचा नदीला आणि गळ, आमिष, मासा असला तर मासा, सगळं परत. फक्त दगड पाण्यात लई हलका होतोय, एक तृतीयांश वजन तर पाणीच घेतंय, म्हणून शिशाच्या दीडपट-पावणेदोनपट घ्यायचा. शिंगाळ्याला रात्रीचा गळ टाकून बसायचं असंल तर ह्यापरीस चांगलं कायच न्हाई. मरळीला रबरी गांडूळ चालवायला मात्र दगड जमणार न्हाई, ते मान्य.

आणि एक गोष्ट कुणी बोललं न्हाई ती मी बोलतो. नदीवर बघा, निम्मी माणसं शिशाची फटीची गोळी दातानं दाबून तंगुसावर बसवतात. पक्कड न्यायचा कंटाळा. आणि त्याच हातानं चुना-तंबाखू मळतात, मळून दाढंत सोडतात. आपल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखू खाणारं माणूस प्रत्येक घरात, म्हणजे शिसं थेट तोंडात. पक्ष्याचं ऱ्हाऊ द्या बाजूला, आधी आपलं तोंड बघा. माझ्या जाळ्यावर काम करणाऱ्या पोरांना मी साबणानं हात धुतल्याशिवाय चहासुद्धा देत न्हाई.

मार्कंडेय_वाचक

मी गळवाला नाही, नुसता वाचतोय, पण एक विचारतो. राकसकोप धरणाचं पाणी आम्ही बेळगावात पितोय, हिडकलचं पण शहराला येतंय. तिथं लोकांनी टाकलेलं हे शिसं पाण्यात उतरत नाही का? का उगाच घाबरलोय?

गोकाकच्या_बाई

विज्ञान शिकवते, म्हणून बॅटरीच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. हिडकलकाठदादा, त्या माणसाला स्पष्ट नाही म्हणा. गाडीच्या बॅटरीत नुसतं शिसं नसतं, त्यात गंधकाम्ल असतं, शिशाच्या ऑक्साइड आणि सल्फेटचा चिखल असतो जो भुकटी होऊन उडतो, आणि पट्ट्यांच्या शिशात अँटिमनीसारखे दुसरे विषारी धातू मिसळलेले असतात. घरी बॅटरी फोडणं हे ह्या सगळ्या चर्चेतलं सगळ्यात धोक्याचं काम आहे. शिसं ३२७ अंशाला वितळतं, चुलीवर सहज होतं म्हणून माणसाला ते सोपं वाटतं, पण चुलीची आच कुणी मोजत नाही, जास्त तापलं की वाफ निघते, वर राखाडी साय येते ती काढताना धूळ होते, ती अंगणात, कपड्यांवर, चपलांना लागून घरात येते. साच्यात ओल राहिली तर पाण्याची एकदम वाफ होऊन वितळलेलं शिसं तोंडावर उडतं.

आणि घरात पाच वर्षाची मुलगी आहे म्हणताय. पोटात गेलेल्या शिशातलं लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाचपट शोषून घेतं. शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही, सुरक्षित पातळीच नाही असं म्हणते. मुलांच्या मेंदूवर जो परिणाम होतो तो नंतर भरून निघत नाही, आणि बाहेरून मूल ठणठणीत दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या देशात पेट्रोलमधलं शिसं २००० साली काढलं ते ह्याच कारणानं. एवढं सगळं देशानं करायचं आणि आपण ते परसात चुलीवर ठेवायचं, हे मला बघवत नाही. डबा आजच उंच फळीवर ठेवा, कुलूप लावता आलं तर लावा.

मार्कंडेयवाले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा दिलासा देणारं आहे. शिशाचा गोळा पाण्यात पडला की त्याच्यावर पांढरट थर धरतो आणि विरघळणं फार मंद होतं. धरणाच्या एवढ्या पाण्यात गळाच्या गोळ्यांनी पिण्याच्या पाण्याला बाधा येईल असं मला वाटत नाही. घरातल्या डब्यातलं आणि चुलीवरचं शिसं त्याच्या कितीतरी पट जवळचं आहे.

पक्ष्यांचं मात्र तसं नाही. त्यांना विरघळलेलं शिसं लागत नाही, ते गोळीच गिळतात. आमच्याजवळ ढुपदाळच्या बंधाऱ्यावर घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात करकोचे, क्रौंच लांबून येऊन उतरतात. तळ्यातली बदकं आणि क्रौंच सुद्धा खडे गिळणारेच. अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकायचाच नसतो, पण नदी तीच आहे, वरच्या अंगाला तुटलेली बारीक गोळी उथळ चिखलात पडली की पक्ष्याला ती खडाच वाटणार. लुनाबद्दल वर वाचून मला तेच डोळ्यापुढं आलं.

हिडकलकाठ

बाई, दादा, मामा, सगळ्यांचे आभार. बॅटरीवाल्याला आज सकाळीच नाही म्हणून सांगितलं, तो जरा फुगलाय पण फुगू दे. डबा माळ्यावर गेला. कुडचीच्या मामांची दगडाची युक्ती शिंगाळ्याला करून बघणार, आमच्यात ती कुणी करत नाही. मरळीला ६ एमएमच्या सळीचे तुकडे काढून घेतो.

दोन गोष्टी राहिल्या. एक, तंगुसावर दाबून बसवायच्या ज्या बारीक फटीच्या गोळ्या असतात त्याला लोखंड चालणार नाही कारण ते दाबलं जाणार नाही, मग काय वापरायचं? जस्त, कथील असलं काय मिळतंय का? आणि दुसरं, घरात जे शिसं उरलंय त्याचं काय करू, नदीत तर टाकणार नाही.

खानापूर_ते_बॉस्टन

कथील. इथं बारीक गोळ्या कथलाच्याच जास्त चालतात. घनता ७.३, म्हणजे लोखंडापेक्षाही जरा हलकं, पण मऊ आहे, पकडीनं दाबलं की बसतं आणि उघडून परत वापरता येतं. चिलापीला तरंगा लावून एक-दोन गोळ्या लागतात तिथं हलकेपणाचं काही वाटत नाही. जस्त नको, ते पक्ष्याच्या पोटात गेलं तर तेही विषच ठरतं, टर्नरभाऊंनी चकचकीत नट नको म्हटलं ते म्हणूनच बरोबर आहे. बिस्मथ म्हणून एक धातू मिळतो, घनता ९.७८, शिशाच्या जवळ जातो पण ठिसूळ आहे, दाबायच्या गोळीला उपयोग नाही.

कुडचीचा_कृष्णाकाठ

पक्कड मात्र न्या बरं का संगं. कथील असलं तरी दात नको.

उद्यमबाग_टर्नर

उरलेलं शिसं भंगारवाल्याकडं द्या, शिशाला भाव असतोय, तो पुढं पाठवतोय. जाडजूड पिशवीत बांधून द्या, सुटं नको. आणि कथलाच्या गोळ्या लगेच मिळाल्या नाहीत तर सोल्डरची तार गुंडाळायच्या भानगडीत पडू नका, लोकं तसं सांगतात, पण बाजारातल्या बऱ्याच सोल्डरमध्ये निम्म्याच्या आसपास शिसंच असतंय. घ्यायचीच असली तर शिसं नसलेली म्हणून लिहिलेली बघून घ्या.

सळीचं म्हणाल तर ६ एमएमला २ एमएमचं भोक सरळ जाणं अवघड, ड्रिल तिरकं जातंय आणि भिंत फुटती. लेथवर धरूनच पाडायला सांगा, दोन्ही तोंडांना काउंटरसिंक मारून, म्हणजे भोकाचं तोंड उतरतं करून, कड मोडून घ्या, नाहीतर पहिल्याच मरळीला दोरी जाती. सुरवातीला दहा-बाराच नग काढा, गवतात कसं चालतंय बघा, मग लांबी कमीजास्त करून बाकीची सळी कापा.